चुंबकक्षेत्र आणि अंतराचा हिशेब

विजेच्या उपकरणाभोवती चुंबकक्षेत्र असते हे आपण ऐकून आहोत. ते किती, असा प्रश्न आपण लगेच करतो. परंतु किती अंतरावर, हे विचारल्यावाचून त्या प्रश्नाला अर्थ राहत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, असे दाखविले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बिओ व सावार यांनी तारेपासून निरनिराळ्या अंतरांवर चुंबकसुई टांगून तिच्या आंदोलनांचा काळ मोजला. लांब, सरळ तारेपासून अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे होते, असा नियम त्यांना सापडला.

हा हिशेब आपल्या दारी आला तो मुंबईच्या ट्रामच्या निमित्ताने. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामचा प्रवाह डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांतून, काहीसा जमिनीतूनही, परततो. जाणारा व येणारा प्रवाह शेजारी असले तर त्यांचे परिणाम बहुतांशी परस्परांना मारतात. येथे दोहोंत अंतर पडते, म्हणून क्षेत्र दूरवर पोहोचते आणि गाडी निघताथांबताना हेलकावते. वेधशाळेच्या नाजूक सुयांना एवढे पुरे होते. तेव्हा संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ वर्ज्य केले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकदमच वेध घेतले गेले. त्यामुळे जुन्या नोंदींची साखळी अखंड राहिली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय वेध आधीच थांबलेले होते.

पुढे १९८० नंतर कचेऱ्यांत संगणकांचे काचनळीचे पडदे आले आणि त्यांच्यापुढे दिवसभर बसणाऱ्यांच्या मनात भीती शिरली. स्वीडनने १९९० च्या मापनपद्धतीत पडद्याभोवती ५० सेंटिमीटरवर मापे घ्यावयास सांगितली, आणि ५ हर्ट्‌झ ते २ किलोहर्ट्‌झ या पट्ट्यात २५० नॅनोटेस्ला ही मर्यादा सुचविली. पडद्यामागील वेटोळे लहान असते. अशा वेटोळ्यापासून बरेच दूर गेले की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट, तर क्षेत्र एक अष्टमांश.

भीती सर्वस्वी निराधार होती असेही नव्हे. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मंद कंपनांच्या चुंबकक्षेत्रांना ‘कदाचित कर्ककारक’ या वर्गात घातले. पुरावा मात्र मर्यादितच मानला. अशा वेळी गृहस्थाने काय करावे? कोणी आकडा सांगितला, तर तो कोठून, किती हातांवरून मोजला हे प्रथम विचारावे; आणि मनात शंका असेल, तर खुर्ची थोडी मागे घ्यावी. मूसांनी तेच केले. त्यांना मात्र त्यासाठी खाडी ओलांडावी लागली.