गिरह आणि तर्ज
विदर्भातील मंगरूळपीर हे गाव दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाते, आणि अशा दर्ग्यांभोवती वाढलेल्या कव्वालीत जुन्या रचनेची नवी मांडणी करण्याचे तंत्र ध्वनिमुद्रणाच्या कितीतरी आधीपासून रुजले होते. ‘गिरह’ म्हणजे गायल्या जाणाऱ्या कलामात दुसऱ्या कवीचा, प्रसंगी दुसऱ्या भाषेतला, शेर गुंफणे. तो मूळ ओळीचा अर्थ उजळून पुन्हा तिच्यावरच परतला, तरच गिरह साधली असे मानतात. विदर्भातीलच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) अनेक खंजिरी भजनांवर ‘तर्ज’, म्हणजे ओळखीच्या गाण्याची चाल, नोंदवलेली आढळते. तर्जेत चाल टिकून शब्द बदलतात, गिरहेत मूळ शब्द टिकून संदर्भ विस्तारतो. मूळ गाणे ओळखू येणे आणि नव्या भरीला स्वतःचे प्रयोजन असणे, ही कसोटी मात्र दोहोंना सारखीच लागू पडते.