गोंदण : लपवलेले आणि मिरवलेले

वाचकहो, आपल्या घरातल्या जुन्या बायकांचे हात आठवून पाहा. मनगटाच्या वर हिरवट पडलेली तुळस, हनुवटीवर एक ठिपका, कोपराजवळ विंचू. मराठवाड्यातून येऊन हैदराबादेत तीन-चार पिढ्या रुजलेल्या आपल्या घरांत असे हात होते. आता ते फोटोत आहेत आणि फोटोतही बहुधा पदराखाली आहेत.

हा विषय मला तारनाक्याच्या माझ्या दवाखान्यात सुचला. एका लग्नघरातली मुलगी आजीला घेऊन आली. तिने हातांवर ‘काळी मेंदी’ काढून घेतली होती आणि नक्षीच्या रेषेरेषेवर फोड उठले होते. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तपकिरी चढतो आणि त्याला काही तास लागतात. झटपट काळा रंग यावा म्हणून काही जण त्यात पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन मिसळतात. ते कातडीला सोसले नाही तर असे होते. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. निघताना ती कौतुकाने म्हणाली, “डॉक्टरकाका, डिझाइन मात्र ट्रायबल होतं हं!” आजीने मुकाट्याने आपली बाही वर सारली. तिच्या हातावर तशाच ठिपक्यांची ओळ होती, लहानपणी गोंदलेली. नात चकित झाली. “आजी, हे तू कधी दाखवलं नाहीस!” आजी म्हणाली, “कुणी विचारलं नाही गं. तुझ्या आजोबांना तर ते बघवतही नसे.”

गोंदण लपवायला आपण केव्हा शिकलो? एके काळी ते बाईचे लेणे होते. काजळी पाल्याच्या रसात कालवायची, सुया जुळवून टोचायची आणि वर हळद लावायची. सोने चोर नेईल, नाही तर मरताना मागे राहील. गोंदण तेवढे बरोबर येईल, अशी श्रद्धा. पण याच शब्दाला इतिहासात दुसरीही बाजू आहे. इंग्रजांनी बंगाल इलाख्यात १७९७ च्या नियमांनी जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली. त्या शिक्षेलाही ‘गोदना’च म्हणत. ती १८४९ साली बंद झाली. लेणे आणि लांच्छन यांच्यात सुई तीच होती. फरक होता तो टोचून घेणाऱ्याच्या मर्जीचा.

आपल्या शेजारच्या आदिलाबादकडे पाहू. तिथल्या राजगोंडांमध्ये गोंदण्याचे काम परंपरेने तोटी जमातीच्या बायका करीत. तोटी हे गोंडांच्या कुळकथा गाणारे लोक. असेच दुसरे कथेकरी परधान. त्यांची घरची बोली मराठी. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने निजामाच्या राज्यात राहून या समाजाचा अभ्यास केला आणि १९४८ साली राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नात ज्याला ‘ट्रायबल डिझाइन’ म्हणते, त्यामागे अशा हाडामांसाच्या बायका आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींच्या नाती शाळेत हिणवतील म्हणून गोंदून घेत नाहीत. त्याच वेळी शहरात त्या नक्षीचे चिकटवायचे स्टिकर पाकिटातून विकले जातात.

मग दुसऱ्याचे लेणे आपण घेऊच नये काय? तसे म्हटले तर आपल्याला नथही उतरवून ठेवावी लागेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला होता. जुन्या संस्कृत ग्रंथांत आणि प्राचीन शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही. तो पुढे बाहेरून आला असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. आज नथीवाचून मराठी नवरी पुरी होत नाही. नाक न टोचता दाबाची नथ घातली म्हणून कोणी तिला नावे ठेवीत नाही. अंगावरची खूण धुऊन जाणारी असली म्हणून ती खोटी ठरत नाही. मी जैन आहे. देवळात कपाळी लावलेला केशर-चंदनाचा टिळा संध्याकाळी उरत नाही, पण सकाळी तो लावताना मन खोटे नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, घेण्यात दोष नाही. ज्याच्याकडून घेतले त्याला अडाणी म्हणायचे आणि त्याचे लेणे मात्र हौसेने मिरवायचे, यात दोष आहे. नक्षी कोणाची, तिचा अर्थ काय, आणि ती माणसे दारात आली तर आपण त्यांना बसायला काय देऊ, हे आधी स्वतःला विचारावे.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, तेही सांगतो. १९८२ साली मी होमिओपॅथी शिकत होतो. माझे एक प्राध्यापक घरी जेवायला यायचे होते. मी आईला म्हणालो, “आई, आज लांब बाह्यांचं पोलकं घाल ना.” तिने कारण विचारले नाही. तिच्या उजव्या हातावर तुळस गोंदलेली होती. त्या दिवसानंतर आखूड बाहीचे पोलके तिने कधीच घातले नाही, उन्हाळ्यातही नाही. तिच्या अखेरच्या दुखण्यात नाडी पाहायला बाही वर केली, तेव्हा ती तुळस मला पुन्हा दिसली. पाने अंधूक झाली होती, वृंदावन मात्र शाबूत होते.

वाचकहो, तुमच्या घरात असा एखादा हात अजून असेल, तर त्याच्याजवळ जरा बसा. कोणत्या जत्रेत गोंदले, गोंदणारी कोण होती, तिला काय दिले, दुखले किती, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आपल्या बायकांचा इतिहास फारसा कागदावर नाही. जो आहे त्यातला पुष्कळसा कातडीवर आहे, आणि तो दरवर्षी थोडा थोडा चितेवर जातो आहे. मी माझ्या आईला यातले काहीच विचारले नाही.