अर्धे वेतन : स्वराज्यातील पडलेल्या शिपायाचे घर

महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वीराला स्वर्ग मिळाला हे दगड सांगतो. मागे राहिलेल्या त्याच्या चुलीचे काय झाले, ते तो सहसा सांगत नाही. तो प्रश्न शिवकाळात राज्याने कसा हाताळला, याचे एक मोलाचे टिपण कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि त्याची फौज जावळीच्या रानात मोडली. त्यानंतरच्या बक्षिसांची यादी सभासद देतो. हत्ती, घोडे, कडी, कंठमाळा, तुरे, मोकासे असे सारे तीत आहे. मात्र यादीचा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी येतात पडलेल्यांची मुले. त्यांना चालवण्याची व्यवस्था झाली. मग ज्यांना पुत्र नाही अशांच्या बायका. त्यांना निम्मे वेतन. नंतर जखमी, जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत. लढवय्यांची बक्षिसे त्यानंतर.

यातली निपुत्रिक विधवा विशेष लक्षात घ्यायला हवी. मुलगा पोसला तर उद्या शिपाई मिळेल, असा हिशेब कोणीही राज्यकर्ता करील. निपुत्रिक विधवेकडून राज्याला काहीच परत मिळायचे नव्हते. तिचे निम्मे वेतन हे गेलेल्याचे देणे होते. ते पाहून उरलेल्या मावळ्यांना जो भरवसा वाटला असेल, तो तुऱ्या-कंठ्यांनी आला नसता.

बखर म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे, हे खरेच. सभासदाने ती १६९७च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. म्हणजे प्रसंगानंतर जवळपास अडतीस वर्षांनी. होनांचे आकडे त्यामुळे जपूनच घ्यावे लागतात. पण तेव्हा जिंजीला मोगलांचा वेढा होता, खजिना आटला होता आणि माणसे टिकवणे हाच राज्यापुढचा मोठा प्रश्न होता. अशा वेळी थोरल्या महाराजांची ही रीत नव्या छत्रपतींपुढे मांडली गेली, याला स्वतंत्र अर्थ आहे.

मानाचीही एक बाजू होती. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला पडलेल्या सरनोबत प्रतापराव गुजरांची कन्या जानकीबाई १६८० मध्ये राजाराम महाराजांची पत्नी म्हणून राजघराण्यात आली. सेनापतीच्या घराला सोयरीक आणि साध्या शिपायाच्या घराला वेतन; दर्जा वेगळा, तरी विसर कोणाचाच नाही.

पुढे व्यवस्थेचे रूप पालटले. शिवाजी महाराजांचा भर रोख वेतनावर होता. मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धात रोकड उरली नाही, तेव्हा वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. पेशवाईच्या दफ्तरांत यासाठी ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. फारसी ‘परवरिश’ म्हणजे संगोपन. कामास आलेल्याच्या मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक ती बालपरवेशी. रोख जाऊन जमीन-महसूल आला, पण तत्त्व तेच राहिले.

पराक्रमाचे पोवाडे शाहिरांनी गायले आणि ते टिकले. निम्म्या वेतनाची नोंद मात्र बखरीच्या दोन-चार ओळींत राहिली. स्वराज्यासाठी माणसे जिवावर उदार का झाली याचा शोध घेताना पोवाड्यांइतकेच या ओळींकडेही पाहावे लागेल. घर उघड्यावर पडणार नाही, एवढी खात्री असलेल्या शिपायाचा पाय रणात अधिक घट्ट रोवला जातो.