राळ, तबकडी आणि प्लॅस्टिक

विटा आणि खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. जुने सोने मुशीत घालावे, आच द्यावी, हीण काढावे. उरते ते पुन्हा अस्सल सोनेच. शंभरदा आटवले तरी त्याचे सोनेपण जात नाही. म्हणून आपल्याला वाटते, प्लॅस्टिकचेही तसेच असेल! पण ते सोन्याच्या जातीचे नव्हे, राळेच्या जातीचे आहे.

दागिन्यावर नक्षी उठवताना सोनार तो राळेवर बसवतो. नुसती राळ ठिसूळ. तापली की वाहू लागते. म्हणून तीत विटेची बारीक पूड आणि थोडे तेल घालतात. पूड वितळत नाही, ती राळेला धरून ठेवते.

पुढे हीच युक्ती ग्रामोफोनच्या तबकडीत आली. तिच्यात लाख थोडी आणि दगडाची पूडच अधिक असे. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच. युद्धामुळे एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, नव्यांत मिसळल्या गेल्या. तबकड्या निघाल्या खऱ्या, पण त्यांची खरखर वाढली. शिवाय लाख फार वेळ तापवली की घट्ट होते आणि पुन्हा नीट वितळत नाही.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडात सापडले. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. दर वितळणीला उष्णतेने आणि हवेने त्यांतल्या काही तुटतात. जुन्या प्लॅस्टिकमध्ये चुनखडीची किंवा शंखजिऱ्याची पूड घातली, तर माल ताठ होतो आणि उन्हात कमी वाकतो. पी.व्ही.सी. तापल्यावर आम्ल सुटते, तेही चुनखडी काही प्रमाणात शोषते. पण तुटलेली साखळी कोणतीही पूड सांधत नाही. उलट पुडीत लोखंडाचा अंश असला, तर साखळ्या लवकर तुटतात. वाकणे थांबले म्हणजे टिकाऊपणा आला, असे समजू नये.

आपल्या दुष्काळी भागात शेतकऱ्याने उसनवारी करून घेतलेली नळी दोन उन्हाळ्यांत तडकली, तर पाणी जाते आणि पीकही जाते. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. पॉलिथिन पाण्याहून हलके असते. चुनखडी पाण्याच्या २.७ पट जड. पॉलिथिन म्हणून विकलेल्या नळीचा तुकडा बादलीत टाकावा, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकावेत. तुकडा बुडाला, तर त्यात बरीच पूड आहे किंवा दुसरेच प्लॅस्टिक मिसळले आहे. तरंगला म्हणजे माल उत्तम, असे मात्र नाही. जुने, थकलेले पॉलिथिनही तरंगतेच. तेव्हा वजनावर भाव ठरवण्याआधी, हे वजन कशाचे, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे.