हॉलिस्टर रँच

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सँटा बार्बरा परगण्यातली खाजगी किनारी मालमत्ता. क्षेत्रफळ सुमारे १४,४०० एकर. पॅसिफिक महासागरालगतचा किनारा सुमारे साडेआठ मैल. मूळ रहिवासी चुमाश लोक. स्पॅनिश अमलात हा मुलूख ओर्तेगा घराण्याच्या रेफुहिओ वतनात मोडत असे. १८५३ मध्ये ओहायोतून मेंढ्यांचा कळप हाकत कॅलिफोर्नियात आलेल्या विल्यम वेल्स हॉलिस्टरने पुढे भागीदारांसह तो विकत घेतला.

१९७० च्या दशकारंभी जमिनीचे प्रत्येकी शंभर एकरांच्या आसपासचे सुमारे १३५ भाग पाडून ते विकण्यात आले. दक्षिण कॅलिफोर्नियाचा बराचसा समुद्रकाठ बंगल्यांनी आणि हॉटेलांनी भरला, येथे मात्र बांधकामाला प्रत्येक भागातील दोनेक टक्केच जमीन मिळते. बाकीची कुरणे. भागांचे मालक वेगवेगळे असले तरी गुरे एकत्र चरतात. त्यासाठी मालकांची सहकारी व्यवस्था आहे. शेतजमीन राखल्याबद्दल १९६५ च्या विल्यमसन कायद्याखाली करात सवलत मिळते. किनारा वाचला तो मुख्यतः बांधकामावरील या मर्यादेमुळे.

जवळच्या पॉइंट कन्सेप्शनपाशी किनारा एकदम पूर्वेकडे वळतो. उत्तरेचा थंड प्रवाह आणि दक्षिणेचे उबदार पाणी येथे भेटतात, त्यामुळे दोन्हीकडचे सागरी जीव या पट्ट्यात सापडतात. करडे देवमासे स्थलांतरात किनाऱ्याजवळून जातात. डोंगरउतारांवर ओकची झाडे आहेत, प्यूमा व अस्वले यांचा वावर आहे. पश्चिमेला लागूनच सुमारे २४,००० एकरांचे डेंजरमंड संरक्षित क्षेत्र असल्याने वन्यजीवांना सलग अधिवास मिळतो.

या मालमत्तेचा दुसरा पैलू सुखाचा नाही. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेखालचा किनारा जनतेचा असतो, पण येथला रस्ता खाजगी असून फाटकावर पहारा आहे. सर्फिंगसाठी नावाजलेल्या या लाटांपर्यंत बाहेरच्या माणसाने पोहोचायचे ते होडीने, किंवा ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत. १९७६ च्या किनारा कायद्यापासून वाद चालू आहे. २०१९ मध्ये राज्याने सार्वजनिक प्रवेशाची योजना राबवण्यासाठी नवा कायदा केला. बांधकामावरील निर्बंधांनी निसर्ग राखला, याचे श्रेय मालकांना द्यायलाच हवे. मात्र तो राखण्यासाठी जनतेला वाट नाकारणे आवश्यक नाही. मर्यादित संख्येने, पायी येणाऱ्यांमुळे कुरणांचे नुकसान होईलच असे नाही.