सातपुड्याच्या पायथ्याची हवा

गावाचा इतिहास राजे लिहितात. गावच्या हवेचा इतिहास मात्र डोंगर आणि ऋतू लिहितात, असे वरूडकडे पाहिले की मला वाटते. उत्तरेस सातपुडा, सभोवती काळी जमीन आणि संत्र्यांच्या बागा. वैशाखात तापलेली हवा उंच चढते, धूर तिच्याबरोबर निघून जातो, उरते ती धूळ. मृगाच्या सरी तीही धुऊन नेतात. पण दिवाळीच्या सुमारास आकाश निरभ्र होते, रात्री जमीन लवकर निवते, डोंगरउतारावरचा गारवा खाली येतो. गार हवा तळाशी आणि ऊबदार हवा तिच्यावर, जणू पातेल्यावर झाकणच! चुलीचा, कचऱ्याचा, फटाक्यांचा धूर मग ऊन तापेपर्यंत तेथेच कोंडतो.

अशाच झाकणाखाली डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहर ५ दिवस कोळशाच्या धुरात गुदमरले आणि हजारो माणसे दगावली. इंग्रजांना ऋतू बदलता आला नाही. त्यांनी १९५६ साली कायदा करून धूर आवरला. आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ साली झाला. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अमरावती आणि अकोला ही आमची शहरेही आली.

वरूड म्हणजे लंडन नव्हे, हे खरे. पण अभ्यंगस्नानाची पहाट आणि त्या झाकणाची वेळ एकच आहे. वाचकहो, सातपुडा हलवता येत नाही, आश्विन पुढे ढकलता येत नाही. फटाक्यांची माळ लावायची की नुसती पणती, एवढे मात्र आपल्या हाती आहे.