फुगणारं लाइफजॅकेट: निवडताना काय पाहाल, घरी कसं तपासाल?

"मुलाला फिट्स येतात, पण गेल्या दीड वर्षात एकही आलेली नाही. त्याला शिडाची बोट शिकायची आहे. ते गळ्यात घालायचं पातळ, फुगणारं लाइफजॅकेट घेतलं तर चालेल का?" एका वडिलांनी ओपीडीत विचारलेला हा प्रश्न. एका शब्दात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

फोमचं जॅकेट नेहमीच तरंगतं. फुगणारं जॅकेट मात्र फुगेपर्यंत नुसती घडी घातलेली रिकामी पिशवी असते. हलकं असतं, उकडत नाही, हालचालीला अडथळा येत नाही, म्हणून लोक ते दिवसभर अंगावर ठेवतात. हा त्याचा मोठा फायदा, कारण काढून ठेवलेलं जॅकेट कोणालाच वाचवत नाही. पण ते एक छोटं यंत्र आहे, आणि यंत्राची निगा ठेवावी लागते.

आत काय असतं?

पिशवीला कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर जोडलेलं असतं. दोरी ओढली की एक सुई सिलिंडरचं तोंड फोडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. हा झाला हाताने चालणारा प्रकार. आपोआप फुगणाऱ्या प्रकारात पाणी लागताच एक गोळी विरघळते आणि सुईमागची स्प्रिंग सुटते. तिसऱ्या, महागड्या प्रकारात गोळी नसते. जॅकेट साधारण दहा सेंटिमीटर पाण्याखाली गेलं की पाण्याच्या दाबाने झडप उघडते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गोळी ओल धरते आणि जॅकेट कपाटातच फुगू शकतं. कोकणात वर्षभर वापरणार असाल तर दाबावर चालणारा प्रकार परवडत असल्यास घ्यावा. तिन्ही प्रकारांत तोंडाने फुगवायची नळी असते, पण ती शेवटचा उपाय. दमा किंवा सीओपीडी असलेल्या माणसाने पाण्यात पडल्यावर त्या नळीवर भिस्त ठेवू नये.

किती न्यूटनचं घ्यावं?

लेबलवर आयएसओ १२४०२ हे मानक आणि ५०, १०० किंवा १५० असा आकडा शोधा. दहा न्यूटन म्हणजे अंदाजे एक किलोची उचल. प्रौढ माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला साधारण तीन ते साडेपाच किलोंची उचल पुरते, मग १५० न्यूटन कशाला? कारण शुद्ध हरपलेला माणूस पालथा पडला, तर त्याला उताणं करून नाक-तोंड लाटांच्या वर ठेवायला ही जास्तीची उचल लागते. ५० न्यूटनचं जॅकेट हे काम करत नाही. ते चांगलं पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ आणि मदत हाताशी असताना वापरायचं असतं. १०० न्यूटन शांत, आडोशाच्या पाण्यासाठी ठीक. उघड्या समुद्रात जाणार असाल तर १५० घ्या. अंगावर जड, हवा धरून ठेवणारे कपडे असतील तर २७५.

आता त्या वडिलांचा प्रश्न. फिट्स, चक्कर किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांसाठी हाताने ओढायचं जॅकेट नको, कारण गरजेच्या क्षणी ओढणारा हातच चालणार नाही. आपोआप फुगणारं १५० न्यूटनचं, किंवा शुद्ध हरपल्यास उताणं करणारं फोमचं जॅकेट हवं. शिवाय बोटीवर त्रासाची कल्पना असलेला सोबती हवा, आणि त्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी. संधिवाताने बोटं आखडली असतील किंवा पक्षाघातानंतर एका हातात जोर नसेल, तर दुकानातच विचारून पाहा, ती दोरी तुम्हाला कोणत्याही एका हाताने ओढता येते का.

ज्यांना पोहता येत नाही त्यांना आणि लहान मुलांना मी फोमचंच सुचवतो. अमेरिकेत मंजूर झालेली बहुतेक फुगणारी जॅकेटं सोळा वर्षांखालील मुलांसाठी नसतातच.

तुमचं कोणी इंग्लंड-नॉर्वेकडे शिकायला असेल आणि तिथे बोटीवर जात असेल, तर त्यांना एक सांगा. पंधरा अंशांखालच्या पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात माणूस नकळत जोराने धापा टाकतो आणि त्यातच पाणी छातीत जातं. तेव्हा जॅकेट शोधायला वेळ नसतो. ते आधीच अंगावर हवं.

घालताना होणाऱ्या चुका

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे मांड्यांमधून जाणारा पट्टा न लावणं. तो संकोचाने लोंबत ठेवतात. मग जॅकेट फुगून वर सरकतं, माणूस खालीच राहतो आणि पाणी ओठांशी येतं. छातीवरचा पट्टा एवढाच घट्ट हवा की आत पालथी मूठ जेमतेम जाईल. रेनकोट जॅकेटच्या आत घाला. चेन लावलेल्या रेनकोटखाली जॅकेट फुगलं तर छाती आवळली जाते आणि श्वास घेणंच कठीण होतं.

बंद केबिनमध्ये जॅकेट फुगवू नका. बोट उलटून पाणी भरलं तर फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताशी दाबून धरतं आणि खाली बुडी मारून दारापर्यंत जाता येत नाही. १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात काही प्रवासी असेच अडकले. विमानात "बाहेर पडताना फुगवा" असं सांगतात, ते यासाठीच.

घरची तपासणी

दर वेळी निघण्याआधी सिलिंडर हाताने फिरवून पाहा. बोटीच्या हादऱ्यांनी ते सैल होतं, आणि सैल सिलिंडरपर्यंत सुई पोचत नाही. हातानेच घट्ट करा, पक्कड नको. दर्शक खिडकी असेल तर तिचा रंग हिरवा हवा.

मोसमाच्या सुरुवातीला सिलिंडर काढून वजन करा. त्यावर कमीत कमी वजन कोरलेलं असतं. ग्रॅम अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. वजन कमी भरलं, गंज दिसला किंवा टोकाला भोक असेल तर नवीन घ्या. वापरलेलं सिलिंडर बाहेरून भरल्यासारखंच दिसतं, ते चुकून परत बसवलं जातं. गोळीच्या किंवा झडपेच्या भागावर छापलेली मुदतही बघा.

मग पिशवी सायकलच्या किंवा पायपंपाने टणक फुगवा आणि चोवीस तास ठेवा. तोंडाने फुगवल्यास आत दमटपणा राहतो. सकाळी मऊ पडली असेल तर ती गळते आहे. घरी चिकटपट्टी लावत बसू नका, कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे द्या. हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडप दाबा, पेन किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका.

खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवा, पण गोळी आणि सिलिंडर आधी काढून. सावलीत हँगरवर वाळवा. सुटे भाग त्याच मॉडेलचेच लागतात, म्हणून जॅकेट घेतानाच एक जादा संच घ्या. परदेशातून नातेवाईक आणणार असतील, तर सिलिंडरसाठी त्यांना विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागेल.

एकदा तरी गळ्याइतक्या पाण्याच्या तलावात, सोबत कोणी असताना, दोरी ओढून बघा. एक संच खर्ची पडेल, पण पट्टा सैल असेल तर तिथेच कळेल.

कोणी पाण्यातून बाहेर काढल्यावर

पोट दाबू नका, उलटं धरू नका, गरगर फिरवू नका. श्वास नसेल तर जॅकेटची बकलं सोडा, पट्टे कापा, आधी तोंडाने पाच श्वास द्या आणि मग छाती दाबायला लागा. दुसऱ्याला १०८ किंवा ११२ लावायला सांगा, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. माणूस शुद्धीवर आला, पण खोकला किंवा धाप थांबत नसेल, तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच.